चोरलेले नव्वद फूट

मंडळी, बेसबॉलचा विषय निघाला की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला, 'ते क्रिकेटसारखंच ना?' आहे थोडंसं. पण मी आज सगळा खेळ समजावत बसणार नाही. एका रात्रीतली काही मिनिटं तेवढी सांगतो.

17 ऑक्टोबर 2004. बॉस्टनचं फेनवे पार्क, 1912 सालचं मैदान, डावीकडे सदतीस फुटी हिरवी भिंत. यजमान रेड सॉक्स, समोर न्यूयॉर्क यांकीज. बॉस्टनने बेब रूथला न्यूयॉर्कला विकलं आणि तो पुढे या खेळातलं सर्वांत मोठं नाव झाला. बॉस्टनला मात्र 1918 नंतर वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकन बेसबॉलचं विजेतेपद ठरवणारी मालिका, जिंकता आली नव्हती. लोक म्हणायचे, रूथचा शाप लागला. मला विचाराल तर शापबिप काही नव्हता, न्यूयॉर्कच्या मालकांचा खिसा जड होता. पण भाऊबंदकीत असला हिशेब कोण ऐकून घेतो?

चार सामने जिंकेल तो वर्ल्ड सिरीजला जाणार, अशी मालिका. यांकीज 3-0ने पुढे. आदल्याच रात्री त्यांनी बॉस्टनला घरच्या मैदानावर 19-8 असं झोडपलेलं. मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलमध्ये, 0-3 अशा पिछाडीवरून मालिका कुणी कधीच जिंकलेली नव्हती.

चौथा सामना, नववी म्हणजे शेवटची इनिंग, यांकीज 4-3ने पुढे. चेंडू यांकीजचा पिचर, म्हणजे आपला गोलंदाजच, मारियानो रिव्हेराच्या हातात. त्याचा 'कटर' नावाचा चेंडू डावखुऱ्या फलंदाजाजवळ येऊन ऐन वेळी आत वळायचा आणि बॅटा मोडायचा. अशा माणसाने बॉस्टनच्या केव्हिन मिलारला चार चेंडू बाहेर टाकून फुकटात पहिला बेस दिला. बेस म्हणजे मैदानातले थांबे; तिन्ही गाठून घरी, म्हणजे फलंदाजाच्या जागी, परत आलं की एक धाव. बॉस्टनने लगेच मिलारला बसवून डेव्ह रॉबर्ट्सला पाठवलं, निव्वळ पळण्यासाठी.

आता हे नीट बघा. नॉन-स्ट्रायकरने चेंडू पडायच्या आधी क्रीज सोडली की आपण चार दिवस वाद घालतो. इथे बेस सोडून पुढे सरकणं हीच कला. आपली चोरटी धाव चेंडूला बॅट लागल्यावर. इथे बॅट लागायची वाटच बघायची नाही. पिचरने हात उचलला की पुढच्या बेसपर्यंतचे नव्वद फूट पळत सुटायचं. यालाच बेस चोरणं म्हणतात. साडेतीन सेकंदांच्या आसपासचा मामला.

आणि चोरी गुपचूपही नव्हे. मॉरी विल्स, 1962 साली 104 बेस चोरलेला उस्ताद, त्याने रॉबर्ट्सला सांगून ठेवलं होतं की एक दिवस असा येईल, तू पळणार हे मैदानातल्या प्रत्येकाला ठाऊक असेल, आणि तरी तुला पळावंच लागेल. तो दिवस हाच. रॉबर्ट्स बेस सोडून पुढे सरकलेला असताना त्याला बाद करायला रिव्हेराने एकदा पहिल्या बेसकडे चेंडू फेकला. रॉबर्ट्स परत. पुन्हा फेकला, पुन्हा परत. तिसऱ्यांदाही तेच. मला वाटतं, रिव्हेराची चूक झाली ती इथे. थंडीत बसून आखडलेल्या माणसाला त्यानेच तीनदा पळवून गरम केलं!

मग फलंदाजाला पहिला चेंडू, आणि रॉबर्ट्स सुटला. यष्टिरक्षकाच्या जागी पोसाडा. त्याची फेक चांगली होती, दुसऱ्या बेसवर यांकीजचा जीटर वाट बघत होता; बेसला हात लागायच्या आधी त्याने चेंडू अंगाला लावला की रॉबर्ट्स बाद. रॉबर्ट्सने डोकं पुढे घालून सूर मारला. हात बेसला आधी लागला, जीटरचा ग्लोव्ह अंगाला नंतर. फरक पापणी लवण्याएवढा.

बॉस्टनच्या बिल म्यूलरने चेंडू मधोमध मारला, रॉबर्ट्स धावत घरी आला, 4-4. बरोबरी झाली म्हणून जादा इनिंग. बाराव्या इनिंगमध्ये बॉस्टनच्या डेव्हिड ऑर्टिझचा होमरन, म्हणजे आपल्या षटकारासारखा फटका, 6-4. तोवर मध्यरात्र उलटून तास झाला होता. पुढचे तीन सामनेही बॉस्टनने घेतले, आणि मग सेंट लुईसला 4-0 असं हरवून वर्ल्ड सिरीजही. 86 वर्षांनी.

त्या मालिकेच्या धावफलकात रॉबर्ट्सच्या नावापुढे फलंदाजी शून्य आहे. तो एकदाही बॅट घेऊन उभा राहिला नाही. त्याच हिवाळ्यात बॉस्टनने त्याला सॅन दिएगोला देऊन टाकलं.