स्वादुपिंडाच्या नावावर खपणारी दुखणी

[पडद्यावर: 1918, बाल्टिमोर, अमेरिका]

बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये थॉमस कलन नावाचे स्त्रीरोगतज्ज्ञ होते. त्यांच्याकडे एक बाई आल्या, पोटात दुखत होतं आणि बेंबीच्या भोवतीची कातडी निळी-काळी पडली होती, मार लागलेला नाही, पडल्याही नाहीत. ऑपरेशन केलं तेव्हा कळलं की गर्भ पिशवीत न राहता नळीत वाढला होता, नळी फुटली होती आणि पोटात रक्त साठलं होतं. कलन यांनी ते लिहून प्रसिद्ध केलं, 1918 साली. पुढच्या दोनेक वर्षांत इंग्लंडमध्ये ग्रे टर्नर या सर्जनना तशाच रंगाचा डाग पेशंटच्या कुशीत दिसला, पण तिथे कारण होतं पॅनक्रियाटायटिस, म्हणजे स्वादुपिंडाला आलेली सूज.

आज मेडिकलच्या मुलांना विचारा, कलन साइन म्हणजे काय, बहुतेक जण पटकन पॅनक्रियाटायटिस म्हणतील. जी खूण मुळात नळीतल्या गर्भाची म्हणून नोंदली गेली ती आता दुसऱ्याच आजाराच्या खात्यात जमा झालीये. आणि हे फक्त एका खुणेचं नाही, पॅनक्रियाटायटिसच्या दुखण्याचं, उलट्यांचं, अगदी रक्ताच्या रिपोर्टचंसुद्धा हेच आहे, ते सगळं दुसऱ्या आजारातही सापडतं.

[दृश्य: पोटाच्या आतल्या अवयवांचं चित्र, स्वादुपिंड हळूहळू पिवळं होत जातं]

स्वादुपिंड असतं जठराच्या मागे, मणक्याच्या पुढे, साधारण 15 सेंटीमीटर लांब, आडवं. शेजारी कोण कोण आहे बघा. उजवीकडे लहान आतड्याची सुरुवात आणि पित्ताशयाची नळी, डावीकडे प्लीहा, पाठीमागून शरीरातली सगळ्यात मोठी रक्तवाहिनी, महाधमनी, जाते, आणि छाती-पोट वेगळं करणारा स्नायूचा पडदा असतो त्याच्या वरच्या बाजूला लगेच हृदय. यांतल्या कुणालाही काही झालं तरी दुखतं एकाच जागी, छातीच्या हाडाच्या खाली, पोटाच्या वरच्या मधल्या भागात, कारण या अवयवांच्या नसा पाठीच्या कण्यात जवळजवळच पोचतात आणि मेंदूला नेमकं घर सांगता येत नाही, फक्त गल्ली सांगता येते.

1889 साली बोस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी या आजाराचं पहिलं नीट वर्णन केलं, पण तेव्हा निदान व्हायचं ते पोट उघडल्यावर, नाहीतर माणूस गेल्यावर. 1929 मध्ये रॉबर्ट एल्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की रक्तातलं अमायलेज, म्हणजे अन्न पचवणारं एक एन्झाइम, मोजून अंदाज बांधता येतो, नंतर लायपेज हे तसंच दुसरं एन्झाइम आलं, सोनोग्राफी आली, सीटी आला. मग 1992 साली अटलांटा शहरात जगभरातले डॉक्टर जमले, व्याख्या ठरवल्या, 2012 मध्ये त्या सुधारल्या. आज नियम असा आहे की तीनपैकी दोन गोष्टी हव्यात: ठराविक प्रकारचं दुखणं, लायपेज किंवा अमायलेज नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या तिपटीहून जास्त, आणि स्कॅनमध्ये सूज दिसणं.

नियम चांगलाच आहे, त्यानं खूप गोंधळ कमी केला. पण रात्री दोन वाजता, जिथे सीटी नाही अशा ठिकाणी, दुखणं आणि रिपोर्ट एवढ्या दोनच गोष्टी हातात असतात, आणि त्या दोन्ही दुसरे आजारही पुरवू शकतात. नियमाचं पालन झालं, कागद बरोबर आहे, फक्त आजार चुकलाय.

आता यात जीव का जातो ते नीट ऐका, सगळा मुद्दा इथेच आहे. पॅनक्रियाटायटिसचा सुरुवातीचा उपचार म्हणजे सलाइन, दुखणं कमी करणं आणि लक्ष ठेवणं, पहिल्या दिवशी ऑपरेशन सहसा नसतंच. म्हणजे हे नाव केसपेपरवर लिहिलं गेलं की सगळे थांबायच्या तयारीला लागतात, नातेवाईकही, स्टाफही. आणि ज्या आजारांशी त्याची गल्लत होते त्यातल्या बऱ्याच जणांना थांबणं अजिबात परवडत नाही.

[दृश्य: एक्स-रे, उजव्या पडद्याखाली काळी चंद्रकोर]

हा बघा, उभं राहून काढलेला छातीचा एक्स-रे. पडद्याच्या खाली जी काळी कोर दिसतीये ती हवा आहे, आणि ती तिथे नसायला पाहिजे. जठराचा किंवा ड्युओडेनमचा, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचा, अल्सर फुटला, भोक पडलं की आतली हवा आणि आम्ल पोटाच्या पोकळीत येतं. आपल्याकडे हे पेशंट कोण असतात तर गुडघे दुखतात म्हणून महिनोन्महिने मेडिकलमधून गोळ्या आणून खाणाऱ्या आजी, कंबर धरलीये म्हणून उपाशीपोटी पेनकिलर घेऊन कामावर जाणारे लोक, तंबाखू-सिगारेट भरपूर असणारे. पोटात सांडलेला तो पाचक रस रक्तात शोषला जातो आणि अमायलेज वाढतं, रिपोर्ट हातात आला की पॅनक्रियाटायटिस वाटतो.

पण पेशंटकडे बघितलं तर फरक दिसतो. पॅनक्रियाटायटिसवाला एका जागी थांबत नाही, उठून बसतो, पुढे वाकतो, वाकलं की थोडं बरं वाटतं, दुखणं पाठीत गेलेलं असतं. अल्सर फुटलेला माणूस हलतच नाही, श्वाससुद्धा वरवर घेतो, कारण हललं की कळ येते, आणि त्याला तो क्षण आठवत असतो, चहा पीत होतो आणि एकदम भसकन दुखायला लागलं असं सांगतो. पोट फळीसारखं कडक लागतं. वयस्कर माणसात, स्टेरॉइड चालू असलेल्यात हा कडकपणा नसूही शकतो आणि ती हवाही प्रत्येक एक्स-रेत दिसत नाही, तेव्हा शंका उरली तर सीटीपर्यंत जावंच लागतं.

हृदयाचं तर काय सांगायचं. हृदयाच्या खालच्या भिंतीला रक्त कमी पडलं तर छातीत काही न दुखता नुसतं पोटाच्या वर दुखतं, मळमळतं, उलटी होते, घाम फुटतो. घरी सगळे म्हणतात पित्त झालंय, गॅस अडकलाय, ओवा खा, सोडा पी, आणि थोडं ढेकर येऊन बरं वाटलं की खात्रीच होते. ढेकर आल्यानं बरं वाटलं म्हणजे हृदय ठीक आहे असं अजिबात नाही. बायकांमध्ये आणि डायबेटिस असलेल्यांमध्ये हा असा बिनछातीचा अटॅक जास्त बघायला मिळतो. ईसीजी काढायला पाच मिनिटं लागतात, त्यात दोन, तीन आणि एव्हीएफ या लीडमध्ये, म्हणजे हृदयाची खालची बाजू दाखवणाऱ्या रेषांमध्ये, बदल दिसतो. उलटही होतं बरं का, पॅनक्रियाटायटिसमध्येही ईसीजी बिघडू शकतो, आणि अशा माणसाला अटॅक समजून रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून एक ईसीजी काढून न थांबता थोड्या वेळानं परत काढतात, ट्रोपोनिन करतात, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झालीये का ते सांगणारी रक्ताची तपासणी.

[दृश्य: अल्बर्ट आइन्स्टाइन यांचा वृद्धपणीचा फोटो]

आइन्स्टाइन यांच्या पोटातली महाधमनी फुगलेली होती. 1948 साली सर्जन रुडॉल्फ निसेन यांनी ती सेलोफेननं गुंडाळली, तेव्हा दुसरा इलाजच नव्हता, आणि त्यानंतर आइन्स्टाइन सहा-सात वर्षं जगले. एप्रिल 1955 मध्ये पोटात दुखायला लागलं, ती फुगलेली धमनीच गळायला लागली होती, पण लक्षणं पित्ताशयाच्या सुजेसारखी होती. फुगलेली धमनी पित्ताशयाचं सोंग घेते तेव्हा पुढे डॉक्टर मंडळी त्याला आइन्स्टाइन साइन म्हणायला लागली. साठीच्या पुढचा माणूस, वर्षानुवर्षं विडी-सिगारेट, पोट आणि पाठ एकदम दुखतीये, बीपी खाली चाललंय, तर स्वादुपिंडाच्या आधी ही धमनी बघायची, साध्या सोनोग्राफीतही ती मोजता येते.

म्हाताऱ्या माणसात अजून एक आहे आणि मला ते सगळ्यात फसवं वाटतं. ज्यांचे हृदयाचे ठोके अनियमित पडतात, त्यांच्या हृदयात गुठळी तयार होते आणि ती आतड्याला रक्त नेणाऱ्या धमनीत जाऊन अडकते. माणूस अक्षरशः तळमळत असतो आणि पोट हातानं दाबून बघितलं तर मऊ. दुखतंय इतकं आणि तपासणीत काहीच नाही, मग नातेवाईकही म्हणतात बाबा जरा जास्तच ओरडतात. अमायलेज यातही वाढतं. आतडं काही तासांत काळं पडायला लागतं, त्यामुळे सीटी अँजिओग्राफी सकाळी करू असं म्हणायला इथे सकाळच नसते.

कलन यांच्या त्या पेशंटसारख्या बायका आजही येतात. फुटलेल्या नळीतल्या गर्भातही अमायलेज वाढू शकतं, कारण गर्भनलिकेतही ते एन्झाइम असतं. म्हणून मूल होण्याच्या वयातली कुठलीही बाई पोटदुखी घेऊन आली की लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट व्हायलाच पाहिजे, लग्न झालंय की नाही, पाळी कधी आली, सासू बाजूला उभी आहे का, हे काही न बघता. आपल्याकडे हा प्रश्न विचारायला लाजतात, आणि विचारलाच तर सगळ्यांसमोर विचारतात, मग खरं उत्तर कसं येणार. पडदा ओढा, नातेवाईकांना बाहेर बसवा, मग विचारा.

आता शुगर. डायबेटिसवाल्या माणसाचं इन्सुलिन सुटलं, इन्फेक्शन झालं, की रक्तात कीटोन नावाचे आम्लधर्मी पदार्थ साठतात, पोटात दुखतं, उलट्या होतात, श्वास खोल आणि जोरात चालतो, आणि स्वादुपिंडाला सूज नसताना लायपेज वाढलेलं सापडू शकतं. इन्सुलिन आणि सलाइन देऊन रक्तातली आम्लता उतरली की पोटदुखीही उतरते. नाही उतरली तर मात्र खरंच पॅनक्रियाटायटिस आहे का बघावं लागतं, कारण दोन्ही एकत्रही असू शकतात, त्यात ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, हजाराच्या वर असेल तर जास्तच. आणि नवीन गोळ्या आल्यात, डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, चांगल्या आहेत, हृदयाला आणि किडनीलाही उपयोगी, पण त्यांच्यात शुगर फारशी न वाढताही कीटोन वाढू शकतात. ग्लुकोमीटरवर दोनशे दिसतंय म्हणजे ती शंका संपली असं नाही. अशा वेळी गोळ्यांची स्ट्रिप सोबत आणली असेल तर डॉक्टरांचं अर्धं काम तिथेच होतं.

बाकीचे पटापट सांगते. किडनी खराब असेल तर लायपेज, अमायलेज नुसतंच वाढलेलं असू शकतं. गालगुंडात अमायलेज वाढतं ते लाळेच्या ग्रंथीतून. फुप्फुसाच्या खालच्या भागात न्यूमोनिया झाला तर पोट दुखतं, लहान मुलांत तर खूपदा. नागीण उठायच्या आधी दोन-तीन दिवस एकाच बाजूला जळजळ होते आणि पुरळ काहीच नसतं. वर्षानुवर्षं स्टेरॉइड घेऊन ते अचानक बंद केलं तर पोटदुखी, उलटी, बीपी एकदम खाली. काही भस्मांतून, पुड्यांमधून शिसं पोटात जातं, त्यानंही कळा येतात, ते विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

[दृश्य: पावसाळ्यातलं गाव, घरात जमिनीवर टाकलेलं अंथरूण]

एक मात्र आपल्याकडचं आहे, परदेशी पुस्तकातल्या यादीत ते बहुतेक सापडणार नाही. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीनं उठतो, उलटी होते, अंगावर सूज नाही, जखम दिसत नाही. मण्यार चावलेली असू शकते. तिचा दंश रात्री झोपेत होतो, कित्येकदा कळतही नाही, दात इतके बारीक असतात. मग हळूहळू पापण्या जड होतात, गिळता येत नाही, बोलणं अडखळतं. पोटदुखीच्या पेशंटला डोळे पूर्ण उघडून वर बघायला सांगणं ही तपासणी फुकट आहे. पापणी उचलत नसेल तर लायपेजची वाट बघत बसायचं नाही, श्वास बंद पडायच्या आत सर्पदंशाचं औषध आणि व्हेंटिलेटर असलेलं ठिकाण गाठायचं, 108 ला फोन करायचा.

आणि दारू. तोंडाला वास येतोय म्हटलं की निदान दारातच ठरतं. दारूमुळे पॅनक्रियाटायटिस होतो हे खरंच आहे, पित्ताशयातले खडे आणि दारू हीच दोन मोठी कारणं. पण दारू पिणाऱ्याला अल्सर फुटत नाही, अटॅक येत नाही, असं कुठे आहे? मागच्या वेळी त्याला पॅनक्रियाटायटिस होता म्हणून याही वेळी तोच असणार, असं धरून चालतात तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं, कारण या माणसाची बाजू मांडायला बऱ्याचदा सोबत कुणी नसतं. त्याला ईसीजी आणि एक्स-रे तितकाच लागतो जितका दुसऱ्या कुणाला.

[दृश्य: डिस्चार्ज कार्ड, हळूहळू जवळ जाणारा कॅमेरा]

काही गल्लती त्या रात्रीच्या नसतात, महिन्यांनी उघड होतात. पन्नाशीच्या पुढचा माणूस, दारू नाही, खडे नाहीत, ट्रायग्लिसराइड नॉर्मल, आणि तरी पॅनक्रियाटायटिस झाला. बरा होऊन घरी गेला. यांतल्या काही जणांच्या स्वादुपिंडाच्या नळीत छोटी गाठ असते, तिनंच नळी अडवून सूज आणलेली असते, आणि पहिल्या सीटीत सुजेच्या आड ती दिसत नाही. त्यातच वजन उतरतंय, नव्यानं शुगर निघालीये, तर जास्तच लक्ष द्यायला हवं. उलटही आहे, शरीराच्याच प्रतिकारशक्तीमुळे होणारा एक पॅनक्रियाटायटिस असतो तो स्कॅनमध्ये हुबेहूब कॅन्सरच्या गाठीसारखा दिसतो, आयजीजी-4 नावाची रक्तातली तपासणी त्यात मदत करते, आणि स्टेरॉइडनं तो विरघळतो, ऑपरेशन लागत नाही.

म्हणून डिस्चार्जच्या वेळी कार्डावर आजाराच्या नावापुढे कारण लिहिलंय का ते बघा. तिथे नुसतं अक्यूट पॅनक्रियाटायटिस असेल आणि कारणाची जागा रिकामी असेल तर डॉक्टरांना विचारा की सूज उतरल्यावर, काही आठवड्यांनी, एमआरसीपी (पित्ताच्या आणि स्वादुपिंडाच्या नळ्या दाखवणारा एमआरआय) किंवा एंडोस्कोपिक सोनोग्राफी (तोंडातून दुर्बीण घालून आतून केलेली सोनोग्राफी) करायची का, आणि तारीख त्याच कार्डावर लिहून घ्या.