लिव्हरमध्ये साठणारं तांबं

नमस्कार श्रोतेहो. शाळकरी मुलाचे किंवा विशीतल्या तरुणाचे लिव्हर एन्झाइम महिनोन्‌महिने वाढलेले असतात. हिपॅटायटिस बी आणि सी निगेटिव्ह, दारूचा संबंध नाही. सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर’ लिहून येतं आणि फाइल मिटते. ती मिटण्याआधी विल्सन आजार, म्हणजे अंगात तांबं साठत जाणारा आनुवंशिक आजार, तपासायलाच हवा, कारण वेळेत सापडला तर तो औषधांवर आटोक्यात राहतो.

अन्नातलं जास्तीचं तांबं लिव्हर पित्तावाटे बाहेर टाकतं. एटीपी७बी हे जनुक आई आणि वडील अशा दोघांकडूनही बिघडलेलं आलं, की ही वाट अडते. तांबं आधी लिव्हरमध्ये साठतं, मग मेंदूत आणि डोळ्यांत उतरतं.

पहिली रक्ततपासणी सेरुलोप्लाझ्मिनची, म्हणजे रक्तात तांबं वाहून नेणाऱ्या प्रथिनाची. डेसिलिटरला २० मिलिग्रॅमच्या खाली संशय, १० च्या खाली दाट संशय. मात्र अंगात दाह (इन्फ्लमेशन) असेल, गर्भारपण असेल किंवा इस्ट्रोजेनच्या गोळ्या चालू असतील, तर आजार असूनही आकडा नॉर्मल दिसू शकतो. त्या एका रिपोर्टवर निर्धास्त होऊ नका.

पुढची तपासणी २४ तासांच्या लघवीतल्या तांब्याची, आणि घोळ होतो तो इथेच. सकाळची पहिली लघवी टाकून द्या, वेळ लिहून ठेवा. त्यानंतरची प्रत्येक लघवी, दुसऱ्या दिवशीची त्याच वेळची धरून, लॅबने दिलेल्या धातुमुक्त डब्यातच जमा करा. एखादी वेळ चुकली तर तांबं कमी भरतं. दुसरं भांडं वापरलं तर खोटं वाढू शकतं. प्रौढांत १०० आणि मुलांत ४० मायक्रोग्रॅमच्या वर गेलं, तर तपास पुढे न्यायचा.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडून स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली, बुबुळाच्या कडेचं तपकिरी-हिरवट कडं बघून घ्या. ते नसलं म्हणून आजार नाही असं नव्हे. फक्त लिव्हरचा त्रास असलेल्या जवळपास निम्म्या रुग्णांत ते दिसत नाही. तरीही उलगडा झाला नाही तर जनुकतपासणी किंवा लिव्हरचा तुकडा तपासणारी बायोप्सी.

कावीळ वाढतेय, हिमोग्लोबिन झपाट्याने उतरतंय, कूम्ब्स (लाल पेशींवर प्रतिपिंडं चिकटलीत का, ते बघणारी रक्ततपासणी) निगेटिव्ह आहे आणि अल्कलाइन फॉस्फटेज हे लिव्हरच्या तपासण्यांमधलं एन्झाइम कमी आहे, असं एकत्र दिसलं तर त्याच दिवशी प्रत्यारोपण होणारं रुग्णालय गाठा.

निदान पक्कं झालं की सख्खी भावंडं तपासा, अगदी ठणठणीत दिसत असली तरी. प्रत्येकाला २५ टक्के धोका असतो. एकच बिघडलेलं जनुक असलेल्या निरोगी भावंडाचंही सेरुलोप्लाझ्मिन कमी येऊ शकतं, म्हणून रुग्णात सापडलेला नेमका जनुकदोषच त्यांच्यात शोधायला सांगा.