पहिल्या गोळीच्या आधी

(दृश्य : इनक्युबेटरचे दार उघडते. थरांनी रचलेल्या काचेच्या प्लेट.)

सकाळी बाहेर येणाऱ्या या प्लेट आदल्या दिवशी दुपारी आत गेल्या होत्या. रात्रभर सुमारे ३७ अंश सेल्सिअसच्या उबेत राहिल्यावर त्यांच्यावर गुलाबी ठिपके उमटले आहेत. असा प्रत्येक ठिपका म्हणजे सहसा एकाच जिवाणूपासून वाढलेली लक्षावधींची वसाहत. समोरच्या प्लेटवरील नमुना लघवीचा आहे आणि वसाहती ई. कोलायच्या आहेत. म्युनिकमध्ये काम करणाऱ्या थिओडोर एशेरिश या बालरोगतज्ज्ञाने १८८५ मध्ये या जिवाणूचे वर्णन केले, ते अर्भकांच्या विष्ठेच्या अभ्यासातून. आतड्यात तो बहुतेकांना काहीही त्रास देत नाही. तेथून तो मूत्रमार्गात शिरला, की मात्र जळजळ, वारंवार लघवी आणि ताप सुरू होतो. स्त्रियांमध्ये मूत्रनलिकेची लांबी जेमतेम चार सेंटिमीटर असल्याने हा प्रवास फारच छोटा ठरतो. मूत्राशयाच्या अस्तराला तो सूक्ष्म तंतूंनी चिकटून राहतो, त्यामुळे लघवीच्या प्रवाहाबरोबर सहज वाहून जात नाही. तिथपर्यंत आपला हा कॅमेरा पोहोचत नाही, म्हणून आपण पुन्हा टेबलाकडे वळू.

(दृश्य : नमुन्यांच्या बाटल्या, त्यांवरील वेळेची नोंद.)

बाटलीवर नावाइतकीच महत्त्वाची असते ती नमुना घेतल्याची वेळ. सुरुवातीची धार सोडून मधल्या धारेची लघवी निर्जंतुक बाटलीत घ्यायची आणि दोन तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवायची. ते शक्य नसेल तर ती शीतपेटीत ठेवायची. अनुकूल परिस्थितीत ई. कोलायची संख्या साधारण वीस मिनिटांत दुप्पट होते, त्यामुळे दुपारभर बाकावर राहिलेल्या बाटलीतील आकडा रुग्णाचा राहत नाही, तो बाकाचा होतो. अशी बाटली परत पाठवणारा तंत्रज्ञ रुग्णाच्या नातेवाइकांना आडमुठा वाटतो, पण तो आपले काम चोख करत असतो.

(दृश्य : लूपने, म्हणजे छोट्या कड्याने, प्लेटवर ओढलेल्या रेषा, अगदी जवळून.)

हा लूप एका वेळी मिलिलिटरचा हजारावा भाग उचलतो. प्लेटवर शंभर वसाहती आल्या, तर एका मिलिलिटरमध्ये एक लाख जिवाणू होते असा हिशेब होतो, आणि खरा संसर्ग ओळखण्यासाठी हीच एक लाखाची रेषा गेली कित्येक दशके वापरली जात आहे. लक्षणे स्पष्ट असतील तर डॉक्टर त्याहून कमी आकडाही गांभीर्याने घेतात. ज्यावर जिवाणू वाढतात ते प्लेटमधील गुलाबीसर माध्यम मॅकॉन्की यांच्या नावाने ओळखले जाते. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये सांडपाण्याची तपासणी करताना त्यांनी पित्तक्षार वापरण्याची युक्ती योजली. आतड्यातील जिवाणू पित्ताला सरावलेले असतात, इतर बरेचसे नसतात. त्यात दुधातील साखर, म्हणजे लॅक्टोज, आणि आम्लाने रंग बदलणारे द्रव्य घातले, की लॅक्टोज पचवणारे ई. कोलाय आणि क्लेब्सिएला हे जिवाणू गुलाबी दिसतात, तर ते न पचवणारा प्रोटिअस फिकट राहतो.

(दृश्य : ब्लड अगार या रक्त मिसळलेल्या माध्यमावरील प्रोटिअस, रात्रभर टिपलेली छायाचित्रे वेगाने.)

या प्रोटिअसकडे थोडे थांबून पाहायला हवे. ब्लड अगारवर तो एका जागी वसाहत करून राहत नाही; थोडा पसरतो, थबकतो, पुन्हा पसरतो, आणि सकाळपर्यंत सारी प्लेट वर्तुळाकार लाटांनी व्यापून टाकतो. तो लघवीतील युरियाचे अमोनियात रूपांतर करतो, त्यामुळे लघवी अल्कधर्मी होते आणि त्यात मॅग्नेशियम-अमोनियम-फॉस्फेटचे खडे बनू लागतात. मूत्रमार्गाच्या संसर्गावर सर्रास लिहून दिले जाणारे नायट्रोफ्युरँटॉइन त्याच्यावर चालत नाही. हा प्रतिरोध त्याचा उपजतच आहे. लक्षणे ई. कोलायची आणि प्रोटिअसची सारखीच असतात. फरक दिसतो तो या प्लेटवर, आणि तोही नमुना पहिल्या गोळीच्या आधी घेतला असेल तर. औषधाचा एखादा डोस पोटात गेल्यानंतर घेतलेल्या नमुन्यात पुष्कळदा काहीच उगवत नाही आणि ‘वाढ आढळली नाही’ असा अहवाल हाती येतो, जो रुग्णाला दिलासा वाटतो आणि डॉक्टरांना काहीच सांगत नाही. कल्चरसाठी, म्हणजे जिवाणू वाढवून पाहण्याच्या या तपासणीसाठी, उपचार थांबवा, असे येथे कोणी म्हणत नाही. नमुना घ्या आणि मग लगेच औषध सुरू करा, एवढीच अपेक्षा आहे.

(दृश्य : म्युलर-हिंटन माध्यमाच्या प्लेटवर कापूसबोळा फिरतो, चिमट्याने डिस्क ठेवल्या जातात.)

दुसऱ्या दिवशी सेन्सिटिव्हिटी, म्हणजे कोणते औषध लागू पडेल ते पाहणारी चाचणी, लागते. जिवाणूंचे ठरावीक गढूळपणाचे द्रावण प्लेटभर एकसारखे पसरून त्यावर औषधाच्या डिस्क, म्हणजे छोट्या चकत्या, ठेवल्या जातात, आणि सोळा ते अठरा तासांनी प्रत्येक डिस्कभोवतीचा मोकळा झोन, म्हणजे जिवाणू न वाढलेला भाग, मिलिमीटरमध्ये मोजला जातो. अखेरचा उपाय म्हणून राखून ठेवल्या जाणाऱ्या मेरोपेनेम या प्रतिजैविकासाठी २३ किंवा अधिक मिलिमीटर म्हणजे औषध लागू, १९ किंवा कमी म्हणजे लागू नाही. मधोमध क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल असलेली डिस्क आहे, शेजारी सेफॅलोस्पोरिन या प्रतिजैविकाची. दोहोंच्या मधल्या बाजूला झोन कुलपाच्या भोकासारखा ताणला गेलेला दिसतो. सेफॅलोस्पोरिन तोडणारे ईएसबीएल नावाचे विकर या जिवाणूकडे आहे, आणि क्लॅव्ह्युलॅनिक आम्लाने तेवढ्या जागेत ते निकामी केले आहे, असा या आकाराचा अर्थ. महागडे यंत्र नसलेल्या प्रयोगशाळेलाही ही चाचणी परवडते.

असा जिवाणू मूत्रपिंडातून रक्तात पोहोचला तर जिवावर बेतते, आणि मेरोपेनेमलाही न जुमानणारे क्लेब्सिएला आज आपल्या अतिदक्षता विभागांत आहेत.

(दृश्य : संगणकावर अहवाल भरला जातो.)

तिसऱ्या दिवशी अहवाल तयार होतो. या रुग्णाच्या ई. कोलायवर नायट्रोफ्युरँटॉइन लागू आहे आणि संसर्ग मूत्राशयापुरताच असल्याने ते पुरेसे आहे. जिथे साधी औषधे लागू पडतात, तिथे मेरोपेनेमचा निकाल ही प्रयोगशाळा स्वतःकडे नोंदवते, पण अहवालावर छापत नाही. तो हवा असल्यास डॉक्टरांना फोन करून कारण सांगावे लागते.