पान्हा कुठून येतो

मंडळी, ऑक्सिटोसिन हे नाव जड वाटते, पण ज्यांच्या घरी दुधाचं जनावर आहे त्यांनी त्याचं काम रोज सकाळी गोठ्यात पाहिलं आहे. वासरू ढुसण्या देते, सड तोंडात धरते, तो निरोप मेंदूत जातो, मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून हे हार्मोन रक्तात सुटते आणि मिनिटभरात कास तटतटून येते. आपण त्याला पान्हा म्हणतो.

मी सातवीत होतो तेव्हाची गोष्ट, आर्वीकडचं आमचं गाव. आमच्या गवळाऊ गाईचं वासरू आठव्या दिवशी मेलं आणि तिनं दूध चोरलं, बाबा अर्धा तास बसले तरी तांब्याचा तळ झाकला नाही. मग त्यांनी वासराच्या कातड्यात कुटार भरून ते तिच्यापुढं ठेवलं. तिनं हुंगलं, मान लांब करून चाटायला लागली, आणि दूध आलं. मले रडू आलं होतं. आई म्हणे, "लेकराचा वास हाय ना त्याले, थेच पुरते तिले."

त्याच गल्लीत एक म्हैस होती, तिला बिनलेबलच्या बाटलीतून ऑक्सिटोसिनची सुई टोचायचे. दूध लगेच यायचं, पण पारडू जवळ सोडलं की लाथच मारायची. हा फरक माझ्या डोक्यातून कधी गेला नाही आणि शास्त्रज्ञांचं भांडण नेमकं इथंच आहे.

हेन्री डेल यांनी 1906 मध्ये पाहिलं की पिट्युटरीच्या अर्कानं मांजरीचं गर्भाशय आकुंचन पावते. व्हिन्सेंट दु विनो यांनी 1953 मध्ये हे नऊ अमिनो आम्लांचं रसायन प्रयोगशाळेत बनवलं, 1955 चं नोबेल मिळालं. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवायला हेच इंजेक्शन देतात, त्यानं असंख्य बाया वाचल्या आहेत, त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो हेच रसायन माया, विश्वास, जवळीकही आणते का याबद्दल.

1987 मध्ये इंग्लंडात केंड्रिक आणि केव्हर्न यांनी मेंढ्यांच्या मेंदूतल्या पोकळीत ऑक्सिटोसिन सोडलं तर त्या परक्या कोकराला चाटायला लागल्या. पण रक्तातलं ऑक्सिटोसिन मेंदूत फारच कमी शिरते, मधे गाळणी आहे, म्हणून मला वाटते आमच्या गल्लीतल्या म्हशीला दूध आलं, माया आली नाही.

मग 2005 मध्ये झुरिकचा प्रयोग आला. नाकात ऑक्सिटोसिनचा स्प्रे मारलेल्या 29 जणांपैकी 13 जणांनी सगळे पैसे अनोळखी माणसाच्या हवाली केले, औषध नसलेल्या साध्या स्प्रेवाल्यांत असे 6 च निघाले. झालं, जगभर 'लव्ह हार्मोन'चा बोलबाला. 29 माणसं म्हणजे आपल्या एका पंगतीतही जास्त बसतात हो! 2020 मध्ये 677 जणांवर तोच प्रयोग नीट करून पाहिला तर विश्वास वाढल्याचं दिसलं नाही. मधल्या काळात डच संशोधक डे ड्रू यांनी वेगळंच मांडलं, की ते आपल्याच गटाकडं माणसाला जास्त झुकवते. त्यावरही वाद झालेच.

प्रेअरी व्होल नावाचा अमेरिकेतला उंदरासारखा प्राणी जोडीनं राहतो. औषधानं ऑक्सिटोसिन अडवलं की त्याची जोडी जमत नाही, असं वर्षानुवर्षं दिसत होतं. 2023 मध्ये कॅलिफोर्नियातल्या मनोली यांच्या गटानं ऑक्सिटोसिन पकडणारा रिसेप्टरच जनुकातून काढून टाकला, तरी जोड्या जमल्या, माद्या व्यायल्या, पिल्लं प्यायली, फक्त कमी पिल्लं जगली. एक पक्ष म्हणते, म्हणजे ते गरजेचं नाही. दुसरा म्हणते, जन्मापासूनच नसलं तर शरीर दुसऱ्या वाटा काढते, एका बैलाचा पाय गेला की दुसरा जास्त ओढतोच ना. मला दुसरं जास्त पटते, पण पहिल्याचं खोटं ठरलेलं नाही.

हे सगळं सांगायचं कारण. मागच्या महिन्यात एक मावशी मोबाईलवर स्प्रेची जाहिरात दाखवत होत्या, नातवाला ऑटिझम आहे, म्हणे, सर, यानं तो जवळ येईल का हो? 2021 मध्ये अमेरिकेत 290 मुलांवर 24 आठवडे हे तपासलं, साध्या स्प्रेपेक्षा फायदा दिसला नाही. मी म्हटलं, मावशी, हे पैसे ठेवा, त्यातून पोराला थेरपीसाठी वर्धेला घेऊन जा. त्या गेल्या. दुसऱ्या खेपेलाही मी सोबत गेलो होतो, येताना एसटीत पोरगं खिडकीपाशी बसून त्यांच्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होतं.