नावं किती आणि चुली किती

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या गावी सातबाऱ्यावर माझ्या आजोबांचं नाव अजून आहे. त्यांना जाऊन कितीतरी वर्षं झाली. मतदार यादी काढली तर अर्धी नावं मुंबईला, ठाण्याला, कुणी पार दुबईला. गणपतीत मात्र सगळी घरं उघडतात, अंगणात गाड्या लावायला जागा उरत नाही. गौरी-गणपतींचं विसर्जन झालं की पुन्हा कड्याकुलपं. मग वाडीची वस्ती किती म्हणायची? आजी सांगायची, "यादी कसली बघतेस? संध्याकाळी किती घरांवर धूर दिसतो ते बघ."

आजीची ही मोजणी मला आज एका अशा वस्तीला लावून बघायची आहे जिथे मातीचा कणसुद्धा नाही. तिचं नाव सेकंड लाइफ, इंटरनेटवरून संगणकाच्या पडद्यावर शिरायचं एक आभासी जग. सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडन लॅब या कंपनीने २३ जून २००३ रोजी ती लोकांसाठी खुली केली. कंपनीचे संस्थापक फिलिप रोझडेल. हा गेम नव्हे. इथे शत्रू नाही, गुण नाहीत, जिंकणं-हरणंही नाही. आपल्याला एक शरीर मिळतं, त्याला अवतार म्हणतात; शब्द आपलाच, फिरून परत आलेला. २५६ मीटर लांब आणि तितकेच रुंद असे जमिनीचे चौकोन, त्यांवर लोकांनी स्वतः बांधलेली घरं, दुकानं, नाचघरं, चर्च, बागा. चलन लिंडन डॉलर. ते बदलून खरे डॉलरही मिळतात. आणि इथे येणाऱ्याला वापरकर्ता म्हणत नाहीत, रेसिडेंट म्हणतात. रहिवासी.

मोजणीचा सगळा घोळ या एका शब्दात आहे.

ऑक्टोबर २००६ मध्ये रहिवाशांचा आकडा दहा लाखांवर गेला आणि जगभर बोलबाला झाला. रॉयटर्स या वृत्तसंस्थेने तिथे आपलं कार्यालय उघडलं. पुढच्या वर्षी मे महिन्यात मालदीवने आणि पाठोपाठ स्वीडनने तिथे दूतावास थाटले. पण रहिवासी कोणाला म्हणायचं? ज्याने एकदा नाव नोंदवलं तो. एकदा डोकावून परत न फिरकलेलाही रहिवासी, आणि एकाच माणसाने चार नावं घेतली तर ते चार रहिवासी. क्ले शर्की या अभ्यासकाने डिसेंबर २००६ मध्येच यावर बोट ठेवलं. नोंदलेल्या नावांचा आकडा फक्त चढतच राहतो, कारण सोडून जाणारा माणूस नाव खोडायला थांबत नाही. माझ्या आजोबांच्या सातबाऱ्यासारखंच.

मी तिथे पहिल्यांदा गेले ती २००७ साली. एक दुकान अजून डोळ्यांसमोर आहे. बाहेर ओळीने खुर्च्या, आणि प्रत्येक खुर्चीवर हवेत तरंगणारी अक्षरं: दहा मिनिटं बसा, दोन लिंडन डॉलर मिळवा. सगळ्या खुर्च्या भरलेल्या. आणि बसलेल्या प्रत्येकाची मान खाली पडलेली, डोक्यावर एकच शब्द: 'अवे'. माणूस यंत्रापासून उठून गेला की त्याचा अवतार असा मान टाकतो. मी सगळ्यांना नमस्कार केला. थोडा वेळ थांबले. एकानेही उत्तर दिलं नाही.

त्या जागेवर लोक किती मिनिटं थांबतात यावर शोधयादीतला तिचा क्रमांक ठरायचा, म्हणून मालक लोकांना बसायचे पैसे देत होता. ट्रक भरून सभेला आणलेली गर्दी आपण पाहिलेली आहे, तीच ही. पुढे तर माणसांचीही गरज उरली नाही. लोकांनी प्रोग्रॅमवर चालणारे अवतार, म्हणजे बॉट, आणले आणि आकाशात उंचावर खोकी बांधून त्यांत ओळीने उभे करून ठेवले. २००९ मध्ये कंपनीने नियम केला की बॉट असेल तर तशी नोंद करायची आणि गर्दीच्या हिशोबात त्याला धरायचं नाही. नियम योग्यच होता. उशिरा आला इतकंच माझं म्हणणं आहे.

मग धूर कुठे बघायचा? या क्षणी आत किती जण आहेत, तो आकडा बघायचा. २००९ च्या सुरुवातीला एकाच वेळी सुमारे ८८ हजार माणसं आत असण्याचा उच्चांक झाला. त्यानंतर तो आकडा पुन्हा कधी दिसला नाही. अलीकडच्या वर्षांत गर्दीच्या वेळीसुद्धा ४० हजारांच्या आगेमागेच असतो. महिन्यातून एकदा तरी येणाऱ्यांचं म्हणाल, तर २०१३ मध्ये दहाव्या वाढदिवसाला कंपनीने सांगितलं की असे दहा लाखांहून जास्त आहेत, आणि तोवर नोंदलेली खाती ३ कोटी ६० लाख. म्हणजे साधारण छत्तीस नावांमागे एक चूल. २०१७ च्या अखेरीस हा आकडा दहा लाखांवरून आठ-नऊ लाखांवर आला होता.

तेव्हा वस्ती वाढते आहे की घटते आहे, याचं माझं उत्तर सरळ आहे. घटते आहे, २००९ पासून. पण कशी घटते आहे तेही ऐका. ज्या वस्तीच्या मरणाची बातमी दर दोन वर्षांनी छापून येते, ती पंधरा वर्षांत निम्म्यावर आली. कोसळली नाही, ओसरत गेली.

का ओसरली? स्मार्टफोन आला आणि लोकांचा वेळ फेसबुककडे वळला, हे एक झालं. पण कंपनीने स्वतःच्या हातानेही माणसं घालवली, आणि मला ते जास्त लागतं. ऑक्टोबर २००८ मध्ये काय झालं बघा. ओपनस्पेस नावाचे स्वस्त चौकोन होते, समुद्र आणि जंगल दाखवण्यासाठी. महिन्याला ७५ डॉलर. लोकांनी त्यांवर घरं बांधली, भाडेकरू ठेवले. सर्व्हरवर ताण येतो म्हणून कंपनीने भाडं १२५ डॉलर करायचं जाहीर केलं. लोक अवतारांच्या हातात फलक देऊन निदर्शनांना उभे राहिले. कितीतरी जणांनी जमिनी सोडल्या. भाडं भरलं नाही की घर जागेवरून उचललं जातं आणि मालकाच्या सामानात 'हरवलेलं-सापडलेलं' या कप्प्यात जाऊन पडतं, भिंती, झाडं, खिडक्या सगळं गुंडाळून. मी ज्यांच्या शेजारी जागा घेतली होती त्यांचं घर असंच एका सकाळी नव्हतं. काल तिथे कंदील होता. आज नकाशावर पिवळा तुकडा, म्हणजे विक्रीला.

२०१० मध्ये कंपनीने तीस टक्के माणसं कमी केली. त्याच वर्षी शिक्षणसंस्थांना मिळणारी निम्मी सवलत बंद करायची घोषणा झाली आणि विद्यापीठं बाहेर पडू लागली. त्यांतली काही ओपनसिम्युलेटर या खुल्या सॉफ्टवेअरवर गेली. म्हणजे सगळे गेलेले नाहीसे झाले असंही नाही. काहींनी पलीकडच्या डोंगरावर वाडी वसवली. सवलत २०१३ मध्ये परत आली, पण गेलेली बिऱ्हाडं एवढ्याने परत येत नाहीत. २०२० मध्ये टाळेबंदीत मात्र गर्दी पुन्हा वाढली. जुनी माणसं कुलपं काढायला आली, गणपतीत येतात तशी. मग ओसरली.

आता उलट बाजूची एक गोष्ट. डिसेंट्रालँड नावाचं दुसरं आभासी जग आहे, ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवर एकदमच ठेवलेल्या व्यवहारांच्या खुल्या वहीवर उभं. ऑक्टोबर २०२२ मध्ये बातमी आली की अब्ज डॉलरच्या वर मोल असलेल्या या जगात चोवीस तासांत फक्त ३८ माणसं होती. लोकांनी खूप टिंगल केली. पण तो आकडा होता ब्लॉकचेनवर व्यवहार करणाऱ्यांचा. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत आज जेवढे दस्त नोंदले तेवढीच तालुक्याची लोकसंख्या, असं म्हणण्यासारखं ते झालं. चालकांनी सांगितलं की रोज सुमारे आठ हजार येतात. ३८ आणि आठ हजार! दोन्ही खरे, आणि एकाचाही दुसऱ्याशी संबंध नाही. तरीही मी म्हणेन की त्या किमतीच्या मानाने आठ हजारसुद्धा फार थोडे.

आणि मोठा आकडा वस्तीला वाचवतो असंही नाही. मुलांसाठीच्या क्लब पेंग्विनमध्ये वीस कोटींवर खाती नोंदली गेली होती. मार्च २०१७ मध्ये ते बंद झालं. हे आठवलं की सेकंड लाइफच्या त्या चाळीस हजारांकडे मी वेगळ्या नजरेने बघते.

कारण ती माणसं तिथे काय करतात ते मी पाहिलेलं आहे. व्हर्च्युअल अ‍ॅबिलिटी नावाचं एक बेट आहे, अपंग आणि दीर्घ आजारी माणसांनी चालवलेलं. नवा आलेला माणूस चालायला, वळायला, बसायला तिथे शिकतो, पाटी वाचत वाचत, आपल्या वेगाने, आणि कुणी घाई करत नाही. मी तिथे एकदा अर्धा तास नुसती उभी होते. एक अवतार जिना चढायचा, खाली पडायचा, पुन्हा चढायचा. सहाव्या की सातव्या वेळी वर पोचला आणि त्याने लिहिलं, "मी वर आलो." आजूबाजूच्या चार जणांनी टाळ्या वाजवल्या. यंत्रासमोर कुणाचे हात कसे होते, मला माहीत नाही. कॅन्सरग्रस्तांसाठीची 'रिले फॉर लाइफ' ही पदयात्रा २००५ पासून इथे निघते आणि तिच्यात खऱ्या डॉलरांत निधी जमतो. कोणत्याच आकड्यात हे दिसत नाही, म्हणून ते सांगावंसं वाटलं.

तुम्हाला स्वतः मोजून बघायचं असेल तर एक ध्यानात ठेवा. आपल्या संध्याकाळी गेलात तर गाव ओस वाटेल, आणि आपल्याकडचे बरेच जण तिथूनच परत फिरतात. तिथलं घड्याळ कॅलिफोर्नियाचं. आपले रात्रीचे आठ म्हणजे उन्हाळ्यात तिथले सकाळचे साडेसात. गर्दी चढते ती तिथल्या दुपारी, म्हणजे आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेल्यावर. तेव्हा नकाशा उघडा. प्रत्येक माणूस एक हिरवा ठिपका. बहुतेक चौकोन रिकामे दिसतील. कुठे दाट पुंजका असेल तिथे जा, आणि आधी नमस्कार करून बघा, कुणी उत्तर देतं का.