आधी पंखा, मग इंजिन

नमस्कार श्रोतेहो.

1 जूनला मासेमारी बंद झाली, तेव्हापासून गोव्यातल्या मालीमच्या जेटीवर ट्रॉलर एकमेकांना खेटून उभे आहेत. लहान होड्या वर ओढून त्यांच्यावर झावळ्या नि ताडपत्र्या घातल्या आहेत. आता जुलै सरत आला, आठवडाभरात दर्या खुला होईल. या दिवसांत माझ्याकडे बेतीला येणारा होडीवाला एकच गोष्ट विचारतो: "मेस्त (म्हणजे मिस्त्री), नवं इंजिन किती हॉर्सपॉवरचं घालू?" मी त्याला विचारतो, "बाबा, तुझ्या होडीखाली पंखा, म्हणजे प्रोपेलर, केवढा मावतो?"

पंख्याच्या मधल्या गोळ्यावर दोन आकडे ठोकलेले असतात, समजा 20 आणि 14. गाळ पुसून ते एकदा वाचाच. 20 इंच हा व्यास. 14 हे पिच, म्हणजे लाकडात स्क्रू शिरतो तसा पंखा एका फेऱ्यात किती इंच पुढे जाईल ते माप. पाणी लाकडासारखं घट्ट नाही, म्हणून तो त्याहून कमीच सरकतो.

आता वल्हं आठवा. रुंद पात्याचं वल्हं सावकाश ओढलं तर होडी जाते. अरुंद फळीने भराभर पाणी उडवलं तर हात तेवढे दुखतात. पंख्याचंही तसंच आहे. मोठा पंखा हळू फिरवून पुष्कळ पाणी मागे सारणं, हे छोट्या पंख्याने थोडं पाणी जोरात फेकण्यापेक्षा नेहमी स्वस्त पडतं. म्हणून गिअरबॉक्स निवडताना घाई नको. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल, तर दोनास एक गिअरबॉक्सवर पंखा 1500 फिरतो, तीनास एकवर 1000. दुसऱ्याला मोठा पंखा लागतो, आणि तो मावायला जागा लागते. पात्याचं टोक आणि होडीचा तळ यांत व्यासाच्या दहाव्या हिश्शाइतकं तरी अंतर हवंच, थोडं जास्त असेल तर उत्तम. नाहीतर सगळी होडी थरथरते आणि शाफ्टचं, म्हणजे पंखा फिरवणाऱ्या दांड्याचं, बेअरिंग लवकर जातं.

हॉर्सपॉवरबद्दलही स्पष्ट सांगतो. पाणी कापत जाणाऱ्या जड होडीचा वेग तिच्या लांबीने बांधलेला असतो. पाण्यातली लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, 1.34 ने गुणा. 36 फुटांच्या होडीला साधारण 8 नॉट, म्हणजे तासाला 8 सागरी मैल, मिळतात. त्यापुढे ती स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढायला बघते, मागचा भाग खाली बसतो आणि डिझेल नुसतं जळतं. उलट फेरे 10 टक्के उतरवलेत, तर पंख्याला लागणारी ताकद 27 टक्क्यांच्या आसपास कमी होते, वेग मात्र 10 टक्केच घटतो. रोजच्या डिझेलचे पैसे मोजणाऱ्याने हा आकडा केबिनमध्ये लिहून ठेवावा.

मागच्या हंगामात एक तरुण माझ्याकडे आला. इंजिन काळा धूर ओकत होतं. विकणाऱ्याने त्याला सांगितलं होतं, इंजिन लहान पडतंय, मोठं घे. बायकोचं सोनं गहाण ठेवायची त्याची तयारी झाली होती. मी म्हटलं, आधी होडी भर. बर्फ, जाळी, डिझेल, सगळे खलाशी. मग मांडवीच्या तोंडापर्यंत गेलो आणि पूर्ण अॅक्सिलरेटर दिला. इंजिनाच्या पाटीवर 3000 फेरे लिहिलेले, आणि फेऱ्यांचा काटा 2600 वर अडकलेला. इंजिनाला पंखाच झेपत नव्हता. पंखा उतरवून पिच दोन इंचांनी कमी करून आणलं. दुसऱ्या फेरीत काटा 2950 वर गेला, धूर विरला. तो पोरगा काही बोलला नाही, काट्याकडेच बघत राहिला. सोनं घरीच राहिलं, याचा मला आजही आनंद आहे.

काटा पाटीवरच्या आकड्याच्याही पुढे पळाला, तर पंखा हलका पडतोय असं समजावं.

कॅनोच्या आउटबोर्डलाही, म्हणजे मागे बाहेरून बसवलेल्या इंजिनालाही, हीच कसोटी. जाळी भरून ओढायची असेल तर कमी पिचचा पंखा घ्या, आणि घरी आल्यावर इंजिनात गोडं पाणी खेळवायला विसरू नका. नवं घेताय तर फोर-स्ट्रोक बघा, पेट्रोल कमी खातं.

भरवशाचं म्हणाल, तर ज्याचे सुटे भाग वास्को-म्हापशाला त्याच दिवशी मिळतात ते इंजिन भरवशाचं. आणि पावसात अर्धी राहिलेली टाकी आतून घामेजते, ते पाणी डिझेलखाली साचतं. होडी पाण्यात जाण्याआधी टाकीच्या तळाचं पाणी काढून बघा.

होडी अजून वरच आहे, तर पंख्याकडे जा. त्याला चिकटलेली कालवं खरवडा. पितळी रंगात कुठे तांबूस-गुलाबी छटा दिसली, तर खाऱ्या पाण्याने त्यातलं जस्त खाल्लं असं समजा. लाकडी हातोडीने पात्यावर हलकेच ठोका. घंटेसारखा नाद आला तर पंखा ठीक. बद्द आवाज आला, तर कुठेतरी तडा आहे किंवा धातू कुजलाय. शाफ्टवरचा जस्ताचा ठोकळा अर्धा झिजला असेल तर बदला, आणि नव्यावर रंग चुकूनही लावू नका. रंगवलेला ठोकळा झिजत नाही, मग पंखा झिजतो.

नारळी पौर्णिमेला नारळ वाहून झाला की पहिल्याच फेरीला भरल्या होडीने काटा कुठवर जातो ते वहीत टिपा, तारखेसकट. पुढच्या वेळी बेतीला याल तेव्हा ती वही घेऊन या.

नमस्कार.