हिरव्या पडद्याच्या अलीकडे

(दृश्य : रुग्णालयाचा व्हरांडा. ऑपरेशन थिएटरबाहेरचं बाकडं.)

सकाळचे सव्वादहा. महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावचं सरकारी रुग्णालय. बाकड्यावर सासूबाई बसल्या आहेत. मांडीवर कापडी पिशवी. धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी, दोन टोपडी, थर्मास. नवरा उभाच आहे. संमतीच्या कागदावर मघाशी त्याने सही केली. त्याच्या सहीच्या वर बायकोची सही आहे. ती सज्ञान आहे, कायद्याने तिची एकटीची सही पुरते. तरी नवऱ्याची घेतल्याशिवाय कागद पुढे सरकत नाही.

ती पहिलटकरीण आहे. बाळ पायाळू, म्हणून सिझर ठरलं. इथे त्याचे पैसे लागत नाहीत. २०११पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातलं सिझर, औषधं, रक्त आणि सात दिवसांचं जेवण मोफत आहे.

तिने हो म्हटलं, डॉक्टरांनी परवानगी दिली, म्हणून आमचा कॅमेरा टोपी-मास्क घालून आत गेला.

घरचं माणूस बाकड्यावरच राहिलं.

(दृश्य : थिएटर. टेबलाच्या कडेला पाय सोडून बसलेली आई, पाठमोरी.)

तिला पोटाशी उशी धरायला देतात. हनुवटी छातीला, पाठ मांजरासारखी बाहेर. पोटात नऊ महिन्यांचं बाळ असताना असं वाकणं किती अवघड असतं, ते पाहा. कमरेच्या दोन मणक्यांमधून बारीक सुई जाते. आधी पायांत ऊब येते, मग मुंग्या, मग पाय जड होतात आणि हलवता येत नाहीत. भूलतज्ज्ञ स्पिरिटचा बोळा आधी दंडाला लावतात, मग पोटाला. 'इथे गार लागतंय? आणि इथे?' पोटाला गारवा कळेनासा झाला की पुढचं काम सुरू होतं.

टेबल थोडं डावीकडे कलवतात, म्हणजे बाळाच्या वजनाखाली मोठी रक्तवाहिनी दबत नाही. लघवीची नळी घालतात. हात बाजूच्या फळ्यांवर ठेवतात. काही थिएटरांत ते पट्टीने बांधतातही. आणि मग छातीपाशी हा हिरवा पडदा उभा राहतो.

पडद्यापलीकडे आठ-दहा हात आहेत. अलीकडे ती आहे, आणि वरचा दिवा.

इथे घडतं ते आपल्याकडे पोरींना क्वचितच कोणी आधी सांगतं. भूल नीट लागली तरी स्पर्श कळतो. दुखत नाही, पण आत कोणी ओढतंय, दाबतंय, चाचपतंय हे कळतं. अंग थडथडतं, दात वाजतात. मळमळतं. कित्येकींना वाटतं, भूल उतरली. अशा वेळी कानाशी कोणी नुसतं म्हणावं, 'हे असंच वाटतं गं, सगळं ठीक आहे.'

ओटीपोटावर आडवा छेद. कातडी, चरबी, मग पांढरा चिवट पापुद्रा. स्नायू कापत नाहीत, बोटांनी बाजूला सारतात. मग पोटाचं आतलं अस्तर आणि शेवटी गर्भपिशवी. पहिल्या छेदापासून बाळ बाहेर यायला साधारण पाच-दहा मिनिटं लागतात. वार काढून, एकेक थर शिवून वर यायला त्यानंतर अर्धा-पाऊण तास. ही पाच मिनिटं सगळ्यांना आठवतात. तो पाऊण तास फक्त तिला आठवतो.

(दृश्य : लंडन. पाऊस. थिएटरचे कपडे घालणारा तरुण.)

लंडन. हा नवरा आहे. टोपीची नाडी उलटी बांधली होती, नर्सने ती सरळ करून दिली. दोघंही पुण्याचे. तिची आई बाळंतपणासाठी तीन आठवड्यांपूर्वी आली. डिंकाचे लाडू विमानाने आले.

त्याचं स्टूल बायकोच्या डोक्याशी आहे. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत, सुई पाठीत दिलेली असेल, तर जोडीदाराने किंवा तिने निवडलेल्या सोबत्याने थिएटरमध्ये बसणं ही रोजची गोष्ट आहे. पूर्ण भूल द्यावी लागली तर मात्र त्यालाही बाहेर थांबावं लागतं. गाणी कोणती लावायची हे तिला विचारतात. तिने अभंग लावायला सांगितले. ऐका.

आता पडद्याकडे बघा. तो खाली येतो आहे.

ही पद्धत मांडली ती याच शहरातल्या क्वीन शार्लट्स रुग्णालयात. प्रसूतितज्ज्ञ निकोलस फिस्क, भूलतज्ज्ञ फेलिसिटी प्लाट आणि सुईण जेनी स्मिथ यांनी २००८ साली ती लिहून प्रसिद्ध केली. तिघांनी लहानलहान गोष्टी बदलल्या. हृदयाचे ठोके टिपणाऱ्या ईसीजीच्या छातीवरच्या चकत्या बाजूला सरकवल्या, म्हणजे बाळाला छाती मोकळी मिळते. सलाईन तिच्या कामाच्या हाताला न लावता दुसऱ्या हाताला लावली, म्हणजे बाळ धरता येतं. टेबलाची डोक्याकडची बाजू उचलली. बाळाचं डोकं बाहेर आलं की शल्यचिकित्सक क्षणभर हात थांबवतात. धड अजून आत असतं, गर्भपिशवी ते आवळत असते, त्या दाबाने फुप्फुसांतलं पाणी नाकातोंडावाटे निघतं. बाळ अर्धं बाहेर, अर्धं आत, आणि रडायला लागलेलं. आई बघते आहे.

(इथे निवेदन थांबवावं. बारा सेकंद फक्त आवाज.)

बाळ थेट तिच्या छातीवर. वरून गरम टॉवेल. टाके चालू आहेत आणि तिचं तिकडे लक्षही नाही.

ब्रिटनमध्ये मुक्काम मात्र थोडा असतो. दुसऱ्या दिवशी नळी काढतात, उठवून चालवतात, आणि सगळं ठीक असेल तर एक-दोन दिवसांत घरी. सुईण घरी येऊन टाके बघते. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून अनेकींना दहा दिवस रोज इंजेक्शन घ्यावं लागतं, तेही स्वतःच्या हाताने. आजीबाईंना हे पटलेलं नाही. त्यांच्या मते चाळीस दिवस म्हणजे चाळीस दिवस. शेक-शेगडी नाही, निदान गरम पाण्याची पिशवी तरी, एवढ्यावर तडजोड झाली आहे.

(दृश्य : साओ पावलो. खोल्यांच्या दारांवर टांगलेली रंगीत सजावट.)

ब्राझील. प्रत्येक दारावर बाळाच्या नावाचं हे तोरण. आत भेटीला येणाऱ्यांना द्यायच्या छोट्या भेटवस्तू आधीच मांडून ठेवलेल्या. तारीख आधी ठरलेली असते, म्हणून एवढी तयारी जमते. या देशात निम्म्याहून जास्त बाळंतपणं सिझरने होतात. खाजगी रुग्णालयांत दहातली आठ. १९८५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या बैठकीने सिझरचं प्रमाण दहा ते पंधरा टक्क्यांवर जाऊ नये असं सुचवलं. ती बैठक ब्राझीलमध्येच, फोर्तालेझा शहरात झाली होती.

गरज नसताना पोट फाडणं आम्हाला मान्य नाही. पण इथलं एक पाहून आम्ही थांबलो. २००५ सालापासून ब्राझीलचा कायदा सांगतो की सरकारी सेवेत कळा सुरू झाल्यापासून बाळंतपणानंतरपर्यंत तिने निवडलेलं एक माणूस तिच्याजवळ असेल. आई, बहीण, नवरा, मैत्रीण, कोणीही. निवड तिची.

(दृश्य : जपान. छायाचित्रं.)

जपानमध्ये सिझरनंतर आठवडाभर किंवा त्याहून जास्त दिवस रुग्णालयात ठेवतात. आजारपणाचे उपचार म्हणून सिझरला सरकारी विमा मिळतो. नवऱ्याला मात्र अनेक ठिकाणी थिएटरबाहेरच थांबावं लागतं. आणि बाळंतपणाला माहेरी जायची रीत तिथेही आहे, तिला 'सातोगाएरी' म्हणतात. इतक्या दूर, आणि इतकं ओळखीचं.

(दृश्य : जुनं रेखाचित्र. कॅमेरा हळूहळू जवळ.)

हे चित्र १८७९ सालचं, आजच्या युगांडातल्या बुन्योरोचं. रॉबर्ट फेल्किन नावाचा ब्रिटिश तरुण तिथे हजर होता. विशीतली पहिलटकरीण. तिला केळ्याची दारू पाजून गुंगी आणली. त्याच दारूने वैदूने आपले हात धुतले, तिचं पोटही धुतलं. त्या काळी युरोपातही सगळे शल्यचिकित्सक असे हात धूत नव्हते. बाळ आणि वार काढल्यावर गर्भपिशवी हाताने चोळून आवळून आणली. पोटाची जखम लोखंडी टाचण्यांनी जोडली, वर मुळ्यांचा लेप. अकराव्या दिवशी जखम भरलेली होती. आई आणि मूल दोघं जगली.

तिच्या छातीवरून सालीच्या कापडाचा पट्टा बिछान्याला बांधलेला आहे. मांड्यांवर दुसरा. एकाने घोटे धरलेत, एकाने पोट.

पुढे गर्भपिशवीला टाके आले, पाठीतली भूल आली, प्रतिजैविकं आली. आज जगात दर पाच बाळांमागे एक असं जन्मतं. पण धोका संपलेला नाही. पुढच्या खेपेला वार जुन्या व्रणात रुतण्याची भीती असते, आणि आफ्रिकेतल्या २२ देशांच्या २०१९ सालच्या अभ्यासात सिझरमध्ये आई दगावण्याचं प्रमाण श्रीमंत देशांच्या सुमारे पन्नास पट निघालं.

(दृश्य : पुन्हा पहिलं रुग्णालय. घड्याळ.)

२०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात भारतातली २१.५ टक्के बाळंतपणं सिझरची होती. खाजगी दवाखान्यांत ४७.४ टक्के. म्हणजे एवढ्या बायका या पडद्याअलीकडे एकट्या पडून येतात. २०१६ साली केंद्र सरकारने सरकारी प्रसूतिकक्षात घरची एक बाई सोबतीला ठेवायची मुभा दिली. अट एकच महत्त्वाची, तिने स्वतः बाळंतपण अनुभवलेलं असावं. या सासूबाईंची तीन झाली. पण ऑपरेशनच्या दारापाशी ती मुभा बहुतेक ठिकाणी संपते. जंतुसंसर्गाची भीती खरी आहे. तिच्यावर उपाय टोपी, मास्क, गाऊन आणि धुतलेले हात. आमच्या कॅमेरामनला तेवढंच दिलं होतं.

(दृश्य : दार उघडतं. मावशी दुपट्यात गुंडाळलेलं बाळ घेऊन येतात.)

मुलगी. दोन किलो आठशे.

सगळे बाळाभोवती. सासूबाईंनी टोपडं काढलं, कानामागे बोट टेकवून मीठ-मोहरीचं काही पुटपुटल्या. नवऱ्याने फोटो काढला, पाठवला, पुन्हा काढला. दार मिटलेलं आहे. आत टाके चालू आहेत.

(दृश्य : तेच दार. घड्याळ पुढे सरकलेलं.)

पाऊण तास.

स्ट्रेचर बाहेर आलं. अजून अंग थरथरतं आहे. सासूबाई उठल्या, पिशवी बाकड्यावर राहिली. त्यांनी बाळ खाली वाकवून तिच्या गालाशी नेलं. तिने सलाईनचा हात उचलला आणि एक बोट लावलं.